‘पोटदुखीवर’ : वनौषधींच्या परीक्षणातील एक शब्दप्रश्न

वनौषधींचा कोणताही जुना मराठी संग्रह उघडला, तर त्यात एका विशिष्ट घडणीची वाक्ये पानोपानी आढळतात. अमुक मूळ पोटदुखीवर. अमुक पाला संधिवातावर. अमुक साल आंबट ढेकरांवर. या वाक्यांना क्रियापद नसते, कर्ता नसतो, काळ नसतो. वनस्पतीचे नाव, विकाराचे नाव आणि त्या दोहोंना जोडणारे ‘वर’ हे एकटे शब्दयोगी अव्यय, एवढ्यावर सारा व्यवहार चाललेला असतो. शंकर दाजीशास्त्री पदे यांच्या ‘आर्यभिषक्’सारख्या घरोघरी वापरल्या गेलेल्या ग्रंथापासून आजच्या काष्ठौषधींच्या दुकानातील डबीवरील मजकुरापर्यंत ही घडण टिकून आहे.

‘वर’ या अव्ययाचे अर्थ वाचकांस ठाऊकच आहेत. ‘जखमेवर हळद’ म्हटले की प्रत्यक्ष स्थान सुचते. ‘विषावर उतारा’ म्हटले की प्रतिकार सुचतो. ‘चोरावर मोर’ यात वरचढपणा आहे. पण ‘पोटदुखीवर’ म्हटले की नेमके काय सुचते? ते औषध घेतल्याने दुखणे थांबते, की ज्या कारणाने पोट दुखत होते ते कारण नाहीसे होते, की आधीपासून घेत राहिल्यास पोट दुखूच लागत नाही? मराठीत ‘बरे वाटणे’ आणि ‘बरे होणे’ असे दोन स्वतंत्र प्रयोग आहेत आणि बोलणारा त्यांची गल्लत सहसा करीत नाही. ‘कालपासून बरे वाटते आहे, पण बरा झालो नाही’ हे वाक्य कोणासही खटकत नाही. ‘वर’ या अव्ययात मात्र हा भेद बुडून जातो. प्रस्तुत लेखाचा विषय हा बुडालेला भेद होय. तो केवळ व्याकरणाचा असता, तर या पत्रिकेच्या वाचकांस इतका वेळ गुंतवून ठेवण्याचे कारण नव्हते. परंतु आजच्या प्रयोगशाळांत पोटातील व्रणांवर आणि वेदनेवर वनस्पतींच्या अर्कांच्या ज्या चाचण्या होतात, त्यांपैकी पुष्कळांची सुरुवात अशाच एखाद्या क्रियापदहीन वाक्यापासून होत असते. आणि सुरुवातीस राहून गेलेली संदिग्धता शेवटच्या निष्कर्षापर्यंत जाते. लेखक भाषाशास्त्राचा अभ्यासक आहे, औषधशास्त्राचा नव्हे. तेव्हा पुढील विवेचनात चाचण्यांचे वर्णन येते ते शब्दार्थाच्या निर्णयासाठी लागेल तेवढेच.

प्रथम वेदनेच्या चाचण्या पाहू. उंदराला वेदना होते की नाही, हे तो सांगू शकत नाही. म्हणून त्याच्या हालचालीवरून ते ठरवावे लागते. १९४१ साली दामूर आणि स्मिथ या संशोधकांनी उंदराच्या शेपटीवर उष्ण प्रकाशकिरण सोडून तो शेपटी किती वेळाने झटकतो हे मोजण्याची पद्धत मांडली. १९४४ साली वुल्फ आणि मॅक्डोनल्ड यांनी तापलेल्या पत्र्यावर उंदीर ठेवून तो पाय केव्हा चाटू किंवा उचलू लागतो हे मोजले. आज हा पत्रा सामान्यतः ५५ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवतात. पोटाच्या वेदनेस जवळची म्हणून जी परीक्षा सर्वांत अधिक वापरली जाते ती निराळी आहे. लहान उंदराच्या उदरपोकळीत सौम्य ॲसेटिक आम्ल, म्हणजे शिरक्यातील आम्ल, टोचतात. उंदीर पोट आक्रसतो, अंग लांब करतो, मागचे पाय ताणतो. वीस-तीस मिनिटांत असे किती पीळ पडले ते मोजायचे. दुसऱ्या गटास आधी अर्क पाजून तीच मोजणी करायची. आणि पीळ निम्म्यावर आले तर अर्काने ‘वेदना पन्नास टक्क्यांनी कमी केली’ असे लिहायचे.

या शेवटच्या वाक्यातील ‘वेदना’ हा शब्द तपासून पाहण्याजोगा आहे. मोजले ते पीळ. लिहिली ती वेदना. ज्या अर्काने उंदरास गुंगी येते, त्याचे स्नायू सैल पडतात किंवा तो नुसता मलूल होतो, त्या अर्कानेही पीळ कमी होतात. म्हणून जाणता प्रयोगकर्ता तोच अर्क दिलेला दुसरा उंदीर फिरत्या दांड्यावर ठेवून त्याचा तोल शाबूत आहे की नाही हे पाहतो. ही जोडपरीक्षा ज्या निबंधात नाही, त्यातील ‘वेदनाशामक’ हे विशेषण ‘निद्राजनक’ असेही वाचता येईल. वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली आपली व्याख्या सुधारताना एक महत्त्वाची टीप जोडली आहे. वेदना शब्दांत सांगणे हा ती व्यक्त करण्याच्या अनेक प्रकारांपैकी केवळ एक प्रकार आहे, आणि माणसास किंवा प्राण्यास ती सांगता आली नाही म्हणून ती नाहीच असे ठरत नाही, असा तिचा आशय आहे. भाषेच्या अभ्यासकास ही टीप नम्र करणारी आहे. तथापि तिची दुसरी बाजूही ध्यानात ठेवली पाहिजे. न सांगणाऱ्याची वेदना मान्य करणे निराळे, आणि त्याची प्रत्येक हालचाल म्हणजे वेदनाच असे मानणे निराळे.

आता व्रणाच्या चाचण्या. १९४५ साली फिलाडेल्फियातील हॅरी शे व त्यांच्या सहकाऱ्यांनी उपाशी ठेवलेल्या उंदराच्या जठराचे खालचे तोंड दोऱ्याने बांधून टाकण्याची रीत प्रसिद्ध केली. आम्ल साचत जाते आणि काही तासांत जठराच्या अस्तरावर व्रण दिसू लागतात. त्या साचलेल्या रसाचे आकारमान, त्याची आम्लता आणि व्रणांची संख्या व लांबी मोजून एक निर्देशांक काढतात. पुढे १९७९ साली आंद्रे रॉबर्ट यांनी शुद्ध मद्यार्क पाजून तासाभरात अस्तर जाळण्याची रीत रूढ केली. ॲस्पिरिन किंवा इंडोमेथासिन देऊन, तसेच उंदरास जखडून थंडीत ठेवूनही व्रण उत्पन्न करतात. (मराठीत रॅट आणि माउस या दोहोंस आपण ‘उंदीर’च म्हणतो. मराठीतून प्रयोग लिहिताना कोणता उंदीर, हे दर वेळी सांगावे लागते. व्रणासाठी बहुधा मोठा आणि वेदनेसाठी बहुधा लहान वापरतात. म्हणजे एकाच अर्काचे दोन गुण पुष्कळदा दोन निरनिराळ्या जातींत सिद्ध झालेले असतात.)

येथेही शब्दाची अडचण आहेच. तासाभरात मद्यार्काने जे उमटते ते अस्तराच्या वरच्या थरातले क्षत असते. माणसाच्या जठरात महिनोन्‌महिने राहून स्नायूच्या थरापर्यंत खोल जाणारा जो व्रण, तो ही वस्तू नव्हे. मराठीत ‘क्षत’ आणि ‘व्रण’ असे दोन शब्द उपलब्ध असताना दोहोंसाठी ‘अल्सर’ हा एकच शब्द वापरून आपण हाताशी असलेला भेद घालवून बसलो आहोत. शिवाय मद्यार्काच्या परीक्षेत एक चकवा आहे. रॉबर्ट यांच्याच पुढील कामातून असे दिसून आले की, पाणी घालून सौम्य केलेला मद्यार्क आधी पाजला असता नंतरच्या शुद्ध मद्यार्काची इजा कमी होते; अस्तर थोडेसे डिवचले गेले की ते स्वतःच सावध होते. म्हणजे एखादा अर्क मुळात जठरास झोंबणारा असेल, तर तो या परीक्षेत ‘रक्षक’ ठरू शकतो. तसेच तुरट द्रव्यांचे. हिरडा, डाळिंबाची साल, बाभळीची साल यांसारख्या पदार्थांतील तुरटपणा प्रथिने गोठवतो, अस्तरावर एक पापुद्रा धरतो आणि ओरखडे कमी दिसतात. हे संरक्षण खोटे नव्हे. पण त्यावरून जुना व्रण भरून येईल असे अनुमान निघत नाही.

आणखी एक गोष्ट. १९८२ साली पर्थ येथे रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी जठरातील वळणदार जंतूचा जठरदाहाशी व व्रणाशी संबंध दाखवला. १९८४ साली मार्शल यांनी तो जंतू स्वतः पिऊन स्वतःस जठरदाह करून घेतला. २००५ साली दोघांस नोबेल पारितोषिक मिळाले. माणसाचे व्रण प्रामुख्याने या जंतूमुळे आणि वेदनाशामक गोळ्यांमुळे होतात, हे आता सर्वमान्य आहे. दोऱ्याने बांधलेल्या किंवा मद्यार्काने जाळलेल्या जठरात त्या जंतूचा काही भाग नसतो. तेव्हा ‘व्रणावर’ गुणकारी ठरलेला अर्क व्रणाच्या कोणत्या कारणावर गुणकारी, हा प्रश्न शिल्लकच राहतो.

वेदना आणि व्रण या दोन चाचण्या एकाच निबंधात शेजारी शेजारी ठेवण्याची प्रथा आहे, आणि वाचणारास सहजच वाटते की या एकाच गुणाच्या दोन बाजू असाव्यात. व्रण भरतो म्हणून वेदना थांबते, किंवा वेदना थांबली म्हणजे व्रण भरत असला पाहिजे! औषधांच्या इतिहासातील सर्वांत प्रसिद्ध वेदनाशामक या समजुतीच्या थेट विरुद्ध साक्ष देतो. १७६३ साली एडवर्ड स्टोन या इंग्रज धर्मोपदेशकाने वाळुंजाच्या जातीच्या वृक्षाची साल तापावर दिल्याचा वृत्तांत रॉयल सोसायटीस कळविला. १८२८ साली म्यूनिकमधील बुखनर यांनी त्या सालीतून सॅलिसिन हे कडू द्रव्य वेगळे केले. १८९७ साली बायर कंपनीत फेलिक्स हॉफमन यांनी त्याच कुळातील ॲसेटिल सॅलिसिलिक आम्ल शुद्ध रूपात बनविले आणि १८९९ पासून ते ‘ॲस्पिरिन’ या नावाने विकले जाऊ लागले. हे नावही वनस्पतीचेच आहे : ‘अ’ ॲसेटिलचा, ‘स्पिर’ हा स्पायरिआ या फुलझाडाचा, ज्यापासून सॅलिसिलिक आम्ल मिळत असे, आणि ‘इन’ हा औषधनामांचा रूढ प्रत्यय. १९३८ साली लंडनमधील डाउथवेट आणि लिंटॉट यांनी जठरदर्शक नळीतून पाहिले, तेव्हा ॲस्पिरिनच्या संपर्काने जठराचे अस्तर लालबुंद झालेले आणि क्वचित रक्ताळलेलेही दिसले. याचा उलगडा १९७१ साली जॉन व्हेन यांनी केला. शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होतात. इजा झालेल्या जागी ती वेदना तीव्र करतात. जठरात मात्र ती श्लेष्मा आणि रक्तपुरवठा टिकवून अस्तराचे रक्षण करतात. ॲस्पिरिन त्यांची निर्मितीच रोखते. गुडघ्यात जे थांबल्याने बरे वाटते, तेच जठरात थांबल्याने व्रण होतो.

या ठिकाणी ‘वर’ची संदिग्धता जिवाशी येते. वेदना दडपणाऱ्या गोळ्या नित्य घेणाऱ्या वृद्ध माणसांत जठराचा व्रण न दुखताच वाढतो आणि पहिले लक्षण म्हणून एकदम रक्ताची उलटी किंवा डांबरासारखा काळा शौच होतो, हे वैद्यकीय व्यवहारात सुपरिचित आहे. अफूने पोटदुखी हमखास थांबते, कारण ती मेंदूत थांबते. धोतऱ्याच्या कुळातील द्रव्यांनी ती थांबते, कारण आतड्याचे आकडणे सुटते. ओव्याने थांबते, कारण वायू सरतो. तिन्ही ‘पोटदुखीवर’ खरी आहेत, आणि तिहींपैकी एकानेही व्रण भरून येत नाही. सुगंधी पाल्याचा एखादा अर्क पीळ कमी करतो असे आढळल्यास तो पोटास हितकारक की ॲस्पिरिनचा भाऊबंद, हे त्या परीक्षेवरून कळत नाही. म्हणूनच दोन्ही परीक्षा एकाच निबंधात असण्याला अर्थ आहे. मात्र त्या एकमेकींस दुजोरा देण्यासाठी नव्हेत, तर एकमेकींची उलटतपासणी घेण्यासाठी असाव्यात.

खऱ्या अर्थाने व्रणावर चाललेल्या वनौषधीचे उदाहरण म्हणून ज्येष्ठमधाची कथा सांगितली पाहिजे. आधी नावाविषयी थोडे. संस्कृतात हे ‘यष्टिमधु’, म्हणजे गोड काठी. प्राकृतात ‘य’चा ‘ज’ होऊन लोकभाषेत ते ‘जेठीमध’ झाले. पुढे ‘जेठी’तील ‘जेठ’ हा ‘ज्येष्ठ’चाच अपभ्रंश असावा असे समजून कोणा साक्षराने त्यास पुन्हा संस्कृताचा अंगरखा चढविला आणि काठीची थोरली बहीण झाली. युरोपातही हेच घडले. ग्रीकांचे ‘ग्लुकुरिझा’, म्हणजे गोड मूळ, लॅटिनमध्ये ‘लिक्विरिटिया’ होताना ‘द्रव’ या अर्थाच्या धातूकडे झुकले. दोन्हीकडे वस्तू ओळखीची राहिली आणि नाव आपली व्युत्पत्ती विसरले.

१९४६ साली नेदरलँड्समधील रेव्हर्स या डॉक्टरांनी ज्येष्ठमधाच्या शिऱ्याने जठरव्रणाच्या रोग्यांस गुण येतो असे प्रसिद्ध केले, आणि त्याच वेळी काही रोग्यांच्या अंगावर सूज येते हेही प्रामाणिकपणे नोंदविले. त्या मुळातील ग्लिसर्‍हेटिनिक आम्लापासून ब्रिटनमध्ये कार्बेनॉक्सोलोन हे औषध बनविण्यात आले. १९६२ साली रिचर्ड डॉल (धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध प्रस्थापित करणारे तेच) व त्यांच्या सहकाऱ्यांनी या औषधाची परीक्षा ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केली. या परीक्षेचे महत्त्व तिच्या मोजणीत आहे. रोग्यास कसे वाटते, एवढ्यावर ते थांबले नाहीत. क्ष-किरण चित्रात दिसणाऱ्या व्रणाचा आकार आधी व नंतर मोजला आणि तुलनेसाठी निरौषध गोळ्या घेणारा गट ठेवला. जठरातील व्रण औषधाने अधिक आक्रसले; ग्रहणीतील व्रणांवर तसा परिणाम दिसला नाही. म्हणजे ‘पोटदुखीवर’ या शब्दाचा अर्थ अखेर ‘जठराच्या व्रणावर, ग्रहणीच्या नव्हे’ इतका अरुंद झाला, आणि अरुंद झाल्यामुळेच तो प्रथम विश्वासार्ह झाला. तुलनेचा गट का हवा, हेही येथे सांगणे अवश्य आहे. ग्रहणीव्रणाच्या परीक्षांत निरौषध गोळी घेणाऱ्यांपैकीही साधारण तिसऱ्या हिश्श्याचे व्रण चार आठवड्यांत भरून आलेले आढळले आहेत. ज्या वैद्याने किंवा आजीने शंभरांपैकी तेहतीस जण बरे झालेले पाहिले, ती खोटे बोलत नव्हती. तिच्यापाशी दुसरा गट नव्हता, एवढेच.

रेव्हर्स यांनी पाहिलेल्या सुजेचे कारण पुढे १९८० नंतरच्या दशकात स्पष्ट झाले. मूत्रपिंडात कॉर्टिसॉल या संप्रेरकास निष्प्रभ करणारे एक विकर असते. ज्येष्ठमध त्या विकरास अडविते. मग कॉर्टिसॉल शरीरात मीठ व पाणी धरून ठेवू लागते, पोटॅशियम वाहून जाते आणि रक्तदाब चढतो. १९७६ साली सिमेटिडिन आल्यानंतर आणि पुढे ओमेप्रॅझोलनंतर कार्बेनॉक्सोलोन मागे पडले, त्याचे हे एक मोठे कारण. घशासाठी काडी चघळणारास भय नाही. पण रक्तदाबाची गोळी चालू असलेल्या माणसाने ‘पोटदुखीवर’ म्हणून महिनोन्‌महिने ज्येष्ठमधाचा शिरा घेणे हे निरुपद्रवी कृत्य नव्हे. आपल्या संग्रहांत ‘वर’ असते. ‘वरून काय होते’ हे सहसा नसते.

‘वर’चा तिसरा अर्थ, म्हणजे आधी घेतल्यास होऊ न देणे, हा केळ्याच्या उदाहरणाने समजावता येईल. बनारस हिंदू विश्वविद्यालयातील संन्याल व सहकाऱ्यांनी १९६० नंतरच्या दशकात केळ्याच्या भुकटीचा उंदरांच्या व्रणावरील परिणाम अभ्यासला. १९८४ साली इंग्लंडमध्ये बेस्ट, लुइस आणि नासर यांनी भाजीच्या कच्च्या केळ्याची वाळविलेली भुकटी ॲस्पिरिनने होणारा व्रण टाळते आणि झालेला भरूनही आणते, असे दोन स्वतंत्र प्रयोगांनी दाखविले. हे दोन प्रयोग वेगळे केले, हीच त्यांची विशेषता. बहुसंख्य निबंधांत अर्क आधी पाजतात आणि इजा नंतर करतात, म्हणजे निवारणाची परीक्षा करतात आणि शीर्षकात उपचाराचा दावा करतात. केळ्याच्या सर्व जाती सारख्याच गुणकारी ठरल्या नाहीत, हेही त्या कामात आढळले. १९९९ साली कच्च्या केळ्यातील ल्यूकोसायनिडिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले.

येथून आपण वनस्पतींच्या नावांच्या प्रश्नाकडे येतो. भाषाशास्त्रज्ञास तो घरचा वाटतो. वेदना आणि वात यांसाठी सर्वत्र सांगितली जाणारी ‘रास्ना’ घ्या. उत्तर भारतात या नावाने प्लुचिया लान्सिओलाटा हे सूर्यफुलाच्या कुळातील झुडूप मिळते; केरळात अल्पिनिया गलंगा, म्हणजे आल्याच्या कुळातील कंद; आणि बंगालमध्ये झाडावर वाढणारे वांडा हे आमर. तीन निरनिराळी कुळे आणि एक नाव. श्लोकातील ‘रास्ना’ प्रमाण मानून एकाने बंगालात आणि दुसऱ्याने केरळात परीक्षा केली व दोघांचे निष्कर्ष जुळले नाहीत, तर त्यात नवल ते काय? याहून बोधप्रद उदाहरण ‘ब्राह्मी’चे आहे. महाराष्ट्रात ब्राह्मी म्हटली की बहुधा गोलसर पानांची, जमिनीवर पसरणारी सेंटेला एशियाटिका पुढे येते. तिलाच कारिवणा असेही म्हणतात. उत्तरेकडे आणि शासकीय औषधिकोशात ब्राह्मी म्हणजे लहान मांसल पानांची बाकोपा, आणि सेंटेलास मण्डूकपर्णी म्हणतात. आता योगायोग असा की, इ. स. २००० च्या सुमारास बनारसच्याच प्रयोगशाळेत या दोन्ही वनस्पतींच्या ताज्या रसाची उंदरांच्या जठरव्रणांवर परीक्षा झाली आणि दोहोंचे परिणाम अनुकूल आले. त्या निबंधांत लॅटिन नावे असल्याने तेथे घोटाळा नाही. घोटाळा होतो तो त्यांचे सार मराठीत ‘ब्राह्मी व्रणावर गुणकारी’ असे उतरते तेव्हा. कोणती ब्राह्मी, हे विचारण्याचे कोणास सुचत नाही, कारण प्रत्येकास आपापली ब्राह्मी ठाऊक असते.

‘अर्क’ या शब्दाविषयीही सांगितले पाहिजे. संस्कृत ‘अर्क’ म्हणजे सूर्य, आणि रुईचे झाडही. औषधाच्या अर्थी ‘अर्क’ हा अरबी ‘अरक़’, म्हणजे घाम. वाफेने निथळलेले ते अर्क. गुलाबाचा अर्क या अर्थी बरोबर आहे. परंतु आजच्या मराठी विज्ञानलेखनात मद्यार्कात भिजवून, गाळून, आटविलेल्या घनसत्त्वासही ‘अर्क’ म्हणतात. आयुर्वेदाने स्वरस, कल्क, क्वाथ, हिम आणि फांट असे पाच कषायप्रकार वेगळे मानले, ते उगाच नव्हे. पाण्यात उकळले असता जी द्रव्ये उतरतात तीच मद्यार्कात उतरतात असे नाही. वाफेबरोबर तर फक्त उडणारी तेले येतात. गावातील बाई काढा देते. प्रयोगशाळा मद्यार्कातील सत्त्व देते. आणि निबंधाच्या शेवटी ‘पारंपरिक उपयोगास पुष्टी मिळाली’ असे वाक्य येते. पुष्टी मिळाली ती एका निराळ्या पदार्थास.

राहिला रोग्याच्या शब्दांचा प्रश्न. १९७५ साली माँट्रियलमधील मॅक्‌गिल विद्यापीठाच्या रोनाल्ड मेल्झॅक यांनी वेदनेची प्रश्नावली प्रसिद्ध केली. तीत वेदनावाचक ७८ इंग्रजी शब्द वीस गटांत लावलेले आहेत, आणि रोग्याने निवडलेल्या शब्दांवरून वेदनेचे स्वरूप व तीव्रता ठरवितात. माणसांवरील परीक्षांत अशा साधनाचा मोठा उपयोग होतो. मात्र त्या यादीचे शब्दशः भाषांतर करून मराठी रोग्यापुढे ठेवणे म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा अंगरखा घालण्यासारखे आहे. मराठीत वेदनेचे काम नामापेक्षा नाम-क्रियापदाच्या जोडीने चालते. कळ ‘येते’, म्हणजे ती जातेही, ठणका ‘लागतो’ आणि लागून राहतो, चमक ‘निघते’ आणि क्षणात सरते, मुरडा ‘येतो’ आणि शौचाबरोबर ओसरतो, रग ‘लागते’, पोटात गोळा ‘उठतो’, आग ‘पडते’. क्रियापद वेळ सांगते, आणि पोटाच्या विकारात वेळच महत्त्वाची. ‘माधवनिदाना’त अन्न पचत असताना उठणारा तो परिणामशूल, आणि अन्न पचलेले असो, पचत असो वा नसो, केव्हाही उठणारा तो अन्नद्रवशूल, असा भेद केला आहे, अम्लपित्त हा तेथे तिसराच विकार आहे. हा भेद करणाराने रोग्याचे म्हणणे कान देऊन ऐकले होते, यात शंका नाही. परंतु ‘परिणामशूल म्हणजे ग्रहणीव्रण’ असे समीकरण आज सर्रास मांडतात, ते मात्र आपले आहे, माधवाचे नाही. त्याने रोग्याचे पोट उघडून पाहिले नव्हते. त्याच्या शब्दात वेदनेची वेळ आहे, जागेवरचा व्रण नाही.

वनौषधींचे शब्दसंग्रह करण्याच्या निमित्ताने लेखकास ज्या नोंदी घ्याव्या लागल्या, त्यांत आरंभी त्यानेही ‘पोटदुखीवर’ एवढेच लिहून पुष्कळ कार्डे वाया घालविली. नंतर कार्ड बदलावे लागले. उदाहरणादाखल रचलेली एक नोंद येथे देतो. वनस्पतीचे नाव : सांगणाराच्या तोंडचे, त्याच्या उच्चारात, सोबत वाळविलेला नमुना, वनस्पतिशास्त्र्याने ओळख पटविलेला. कोणता भाग, कोणत्या ऋतूत काढलेला. कृती : वाटून, उकळून की भिजवून, पाणी किती, आटवून उरले किती. दुखणे : सांगणाराच्या नाम-क्रियापदासह, जसे ‘उपाशीपोटी आग पडते’, ‘जेवल्यावर कळ येते’. औषध दुखत असताना, की दुखणे राहिल्यावरही, की दुखू नये म्हणून आधीच. किती वेळाने उतार पडतो आणि तो किती दिवस टिकतो. दुखणे परत आले का. काळा शौच, उलटी, वजन घटणे यांपैकी काही झाले होते का. झाले असल्यास नोंद थांबवून आधी दवाखान्याची वाट दाखवावी. आणि शेवटचा प्रश्न : याखेरीज दुसरी कोणती गोळी चालू आहे?

या शेवटच्या प्रश्नास प्रथम ‘नाही’ असेच उत्तर मिळते. गोळी ही गुडघ्यासाठी असते, काढा हा पोटासाठी. दोहोंचा एकमेकांशी काही संबंध असेल असे सांगणारास वाटत नाही. थोडा वेळ बसून राहिले, चहा झाला, आणि ‘गुडघ्यांसाठी काही घेता का?’ असे निराळे विचारले, म्हणजे फळीवरच्या डब्यातून गोळ्यांची अर्धी संपलेली पट्टी काढून दाखविण्यात येते.